फर्मानापासून राज्यघटनेपर्यंत



शिक्षकाच्या व्यवसायात काही प्रश्न असे भेटतात की, तास संपल्याची घंटा होते, वर्ग रिकामा होतो, परंतु प्रश्न मात्र आपल्याबरोबर घरी येतो. असाच एक प्रश्न मला मागे सप्टेंबर महिन्यात भेटला. आठवीच्या वर्गावर हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा पाठ चालला होता. फळ्यावर मी दोन तारखा लिहिल्या होत्या : १७ सप्टेंबर १९४८ आणि २६ जानेवारी १९५०. मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला आणि विचारले, ‘सर, सतरा सप्टेंबरला निजामाचे राज्य संपले. राज्यघटना आली ती पुढे सव्वीस जानेवारीला. मग मधल्या सोळा महिन्यांत आमच्या पणजोबांवर कोणाचा कायदा चालत होता?’

वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न बिनतोड होता. एक राज्य संपते आणि दुसरे सुरू होते, असे आपण सहज बोलून जातो. पण त्या दोहोंच्या मधली जी वाट असते, ती लोक कशी चालून जातात? जुन्या कायद्याच्या दारातून नव्या कायद्याच्या घरात शिरताना बरोबर काय येते, उंबऱ्याबाहेर काय राहते? आज या प्रश्नाचा थोडा विचार आपण करू. विषय हैदराबादचाच आहे. परंतु तो उलगडताना मधून मधून युरोपकडेही पाहावे लागेल. गेल्या शतकात हुकूमशाहीतून लोकशाहीत येण्याची हीच वाट तेथील अनेक राष्ट्रे चालून गेली, आणि त्या अनुभवातून त्यांनी कायद्याचा एक विचार घडविला आहे.

त्या विचाराचे नाव आहे ‘समान घटनात्मक परंपरा’. शब्द जड आहे, पण त्यामागची हकीकत साधी आहे. १९७० साली लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापुढे एका जर्मन व्यापारी कंपनीचे प्रकरण आले. मक्याच्या पिठाच्या निर्यातीसाठी भरलेली अनामत रक्कम जप्त झाली होती आणि ही जप्ती आमच्या जर्मन राज्यघटनेने दिलेल्या हक्कांचा भंग करते, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या वेळी युरोपीय समुदायात सहा राष्ट्रे होती. त्यांनी केलेल्या तहात मूलभूत हक्कांची यादी नव्हती. न्यायालयाने सांगितले की, समुदायाचा कायदा एखाद्या राष्ट्राच्या घटनेच्या फूटपट्टीने मोजता येणार नाही. परंतु मूलभूत हक्कांचे रक्षण हे त्या कायद्याचेच अंग आहे आणि त्याची प्रेरणा सर्व सदस्य राष्ट्रांच्या समान घटनात्मक परंपरांतून घ्यावयाची आहे. पुढे हेच तत्त्व युरोपीय संघाच्या तहाच्या सहाव्या कलमात लिहिले गेले.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या सहा राष्ट्रांपैकी जर्मनी आणि इटली ही दोन राष्ट्रे हुकूमशाहीतून बाहेर पडून तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. तरीही न्यायालयाने त्यांची ‘परंपरा’ मानली. म्हणजे परंपरा ही पणज्याने लावलेल्या वडासारखी जुनीच असली पाहिजे असे नाही. चुकून, ठेचाळून, पश्चात्तापाने शिकलेला धडासुद्धा परंपरा होऊ शकतो. हा विचार मनात ठेवून आता आपण मुसी नदीच्या काठी परत येऊ.

निजामाचे हैदराबाद हे काही लहानसहान संस्थान नव्हते. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे १ कोटी ६३ लाख प्रजा, तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कर्नाटकाचे तीन असे सोळा जिल्हे. प्रजेपैकी जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत, चौथा हिस्सा मराठी बोलत. कारभार मात्र उर्दूतून चाले. या राज्यात कायद्याची व्यवस्था नव्हती असे कोणी म्हणेल तर ते सत्याला धरून होणार नाही. १८९३ मध्ये येथे कायदे कौन्सिल स्थापन झाले होते. १९१९ मध्ये ‘बाब-ए-हुकूमत’ या नावाचे कार्यकारी मंडळ आले. १९२१ च्या सुमारास न्यायखाते कारभारखात्यापासून वेगळे करण्यात आले, आणि ही सुधारणा ब्रिटिश मुलखातही तेव्हा सर्वत्र झालेली नव्हती. मुसीच्या तीरावरची उच्च न्यायालयाची ती भव्य इमारत त्याच काळातली.

मग उणे काय होते? उणे हे होते की, या सर्व व्यवस्थेचे मूळ एका व्यक्तीच्या इच्छेत होते. निजामाचे फर्मान हाच कायदा, हाच हुकूम आणि हाच निवाडा. पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही वारसाहक्काच्या एका खटल्यात हे स्पष्ट केले की, निजाम हा सर्वाधिकारी राजा असल्यामुळे त्याच्या फर्मानांत कायदा कोणता आणि नुसता हुकूम कोणता, असा भेदच करता येत नाही. ‘राजा बोले, दळ हाले’ ही आपली म्हण येथे शब्दशः खरी होती. जे दान म्हणून मिळते ते परतही घेता येते; हक्क मात्र परत घेता येत नाही. दान आणि हक्क यांतला हा फरक म्हणजेच फर्मान आणि राज्यघटना यांतला फरक.

या फरकाचे एक लहानसे उदाहरण देतो. मराठवाड्यातील जुन्या पिढीला ‘गश्ती निशाण ५३’ हे शब्द तोंडपाठ होते. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. या परिपत्रकाप्रमाणे सभा भरवावयाची तर आगाऊ सरकारी परवानगी लागे, आणि परवानगी देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. आता आपल्या राज्यघटनेचे एकोणिसावे कलम काढून पाहा. शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा, संघटना करण्याचा हक्क तेथे नागरिकाचा म्हणून लिहिला आहे. त्यावर वाजवी बंधने घालता येतात, परंतु बंधन वाजवी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर आहे. पूर्वी प्रजाजनाला विचारावे लागे, ‘जमू का?’ आता सरकारला सांगावे लागते की, का जमू नये. एवढ्याशा वाक्यरचनेच्या बदलासाठी माणसे तुरुंगात गेली आहेत.

जनतेची मागणी वाढू लागली तेव्हा निजाम सरकारने १९३७ मध्ये अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली. तिच्या शिफारशींवरून १९३९ मध्ये जी योजना जाहीर झाली, तिच्यात ८५ जणांचे कायदेमंडळ होते आणि त्यांपैकी ४२ निवडून यावयाचे होते. परंतु निवडणूक नागरिकांची नव्हे, तर धंद्यांची : जहागीरदारांचे प्रतिनिधी, शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, कामगारांचे, असे गट पाडलेले. शिवाय मंडळाने ठरविले तरी अखेरचा शब्द निजामाचा. ही कल्पना तेव्हा जगाच्या इतर भागांतही फिरत होती. पोर्तुगालमध्ये सालाझारने १९३३ च्या घटनेने असेच धंदेवार सभागृह उभे केले होते. दोन्हीकडे हेतू एकच : लोकांना बसावयास आसन द्यावे, पण लोक म्हणून एकत्र उभे राहू देऊ नये. पोर्तुगालमधील तो खेळ १९७४ च्या एप्रिलमध्ये संपला, १९७६ मध्ये तेथे लोकशाही राज्यघटना आली, आणि या दोहोंच्या मधल्या काळात, १९७४ च्या अखेरीस, त्या नव्या सरकारने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. स्वतः मोकळे झालेले राष्ट्र दुसऱ्याचे स्वातंत्र्य अधिक सहजतेने मान्य करते, याचे हे आपल्या शेजारचे उदाहरण होय.

परंतु हैदराबादेत घटनात्मक परंपरा फक्त दरबारात शोधली तर ती अर्धीच सापडेल. दुसरी अर्धी शाळांत, ग्रंथालयांत आणि परिषदांत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी या शहरात विवेकवर्धिनी शाळा उभी केली. केशवराव स्वतः वकील होते आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. शेजारी तेलुगू बांधवांची आंध्र महासभा होती, कन्नड बांधवांची कर्नाटक परिषद होती. तेथे अध्यक्ष निवडला जाई, ठराव मांडला जाई, त्याला उपसूचना येई, मते मोजली जात आणि हरलेला पक्ष घरी न जाता पुढच्या ठरावावर बोले. लोकशाहीचे व्याकरण आमच्या लोकांनी असे परिषदांच्या मांडवात शिकले.

१९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. जन्मापूर्वी मृत्युपत्र, असा तो प्रकार. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीने सत्याग्रह आरंभिला. त्यानंतर स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. मागणी कोणती, तर जबाबदार राज्यपद्धती आणि नागरिक स्वातंत्र्य. बंदी उठली ती १९४६ मध्ये. नंतर इंग्रज गेले, निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला, २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला, आणि लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी गावोगाव जो धुमाकूळ घातला, त्याच्या कहाण्या मराठवाड्यातील घराघरांत आहेत. या काळात ‘इमरोज’ या उर्दू पत्राचा तरुण संपादक शोएबुल्ला खान याने भारतात विलीन होण्याचा पक्ष निर्भयपणे मांडला. २२ ऑगस्ट १९४८ च्या रात्री हैदराबादेत त्याची हत्या झाली. झगडा दोन धर्मांमधला नव्हता, फर्मान आणि नागरिक यांच्यामधला होता, हे एवढ्या एका बलिदानावरून समजावे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सत्ता बदलली. आणि येथूनच त्या मुलीच्या प्रश्नाचा आरंभ होतो.

१९ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने एक फर्मान काढून राज्याचा सर्व कारभार लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाती दिला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये दुसरे फर्मान काढून, या अधिकारात कायदे करण्याचाही अधिकार येतो, असा खुलासा केला. म्हणजे फौज भारताची, गव्हर्नर भारताचा, पण त्याच्या कायद्याचा आधार निजामाचे फर्मान! याच अधिकारात त्याच महिन्यात जहागिरी नष्ट करणारा कायदा झाला. अधिकार फर्मानाचा आणि काम मात्र फर्मानशाहीचा पाया उखडण्याचे. जहागिरीचा तंटा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९६० मध्ये न्यायालयाने हा अधिकार ग्राह्य धरला. शेवटी २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने आणखी एक फर्मान काढले आणि भारताची होऊ घातलेली राज्यघटना हीच हैदराबादची राज्यघटना राहील असे जाहीर केले. तीनच दिवसांनी घटना समितीने ती राज्यघटना स्वीकारली. अखेरच्या महत्त्वाच्या फर्मानाने फर्मानांचे युगच संपविले.

हा केवळ कागदी खेळ होता काय? मला तसे वाटत नाही. स्पेनचे उदाहरण घ्या. १९७५ च्या नोव्हेंबरात फ्रँको मरण पावला. त्याची हुकूमशाही मोडण्यासाठी तेथे क्रांती झाली नाही. पुढच्याच वर्षी फ्रँकोच्याच जुन्या सभागृहाने राजकीय सुधारणेचा कायदा संमत केला आणि स्वतःच्या विसर्जनाचा मार्ग मोकळा केला. १९७७ मध्ये मुक्त निवडणुका झाल्या आणि १९७८ मध्ये लोकमताने नवी राज्यघटना आली. जुन्या कायद्यातून नव्या कायद्यात, आणि तेही कायद्याच्याच वाटेने, असे त्या स्थित्यंतराचे सूत्र होते. हैदराबादेत त्याआधी सत्तावीस वर्षे जवळजवळ हेच घडले. फरक इतकाच की, आमच्याकडे त्या वाटेच्या तोंडाशी रणगाडे उभे होते.

अशा वाटेचा लाभ असा की, मधल्या काळात अराजक माजत नाही. न्यायालये चालू राहतात, दस्तऐवज वैध राहतात, सातबारा आणि वारसा यांचे व्यवहार अडत नाहीत. आपल्या राज्यघटनेने यासाठी दोन कलमांची जोडी ठेवली आहे. कलम ३७२ सांगते की, पूर्वीचे कायदे बदलले जाईपर्यंत चालू राहतील. कलम १३ सांगते की, त्यांपैकी जे मूलभूत हक्कांशी विसंगत असतील ते तेवढ्यापुरते रद्द समजावेत. पहिले कलम दार उघडते आणि दुसरे दारात चाळण धरते. जुने धान्य आत यावे, खडे बाहेर राहावेत, अशी ही योजना आहे.

परंतु चाळण कोणत्या तारखेपासून धरावयाची? या प्रश्नाने माणसांच्या गळ्याभोवतीचा फास घट्ट किंवा सैल होत होता. तेलंगणातील सशस्त्र लढ्यातील बारा जणांना विशेष न्यायाधिकरणाने फाशीची शिक्षा दिली होती. हैदराबादच्या उच्च न्यायालयाने त्यांची अपिले डिसेंबर १९४९ मध्ये फेटाळली. सहा आठवड्यांनी राज्यघटना अमलात आली. त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहण्यासाठी लंडनहून डी. एन. प्रिट हे नामांकित बॅरिस्टर आले. परंतु न्यायालयाचा निर्णय पडला तो असा की, राज्यघटना मागील काळास लागू होत नाही. २६ जानेवारीपूर्वी जो निवाडा अंतिम झाला, तो नव्या हक्कांच्या बळावर उघडता येणार नाही. पुढे त्या फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या गेल्या, ही समाधानाची गोष्ट. परंतु कायद्याच्या दृष्टीने सहा आठवड्यांच्या अंतराने त्यांना घटनेच्या उंबऱ्याबाहेर ठेवले होते.

दुसरा खटला खुद्द कासिम रझवीचा. बीबीनगर येथे १९४८ मध्ये पडलेल्या दरोड्याच्या प्रकरणात त्याला विशेष न्यायाधिकरणाने शिक्षा दिली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याने आधार घेतला तो राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाचा : कायद्यापुढे सर्व समान असता माझ्यासाठीच वेगळी कार्यपद्धती का? ज्या माणसाने नागरिकांची समानता पायदळी तुडविली, तोच आता समानतेच्या कलमाखाली आश्रय मागत होता! न्यायालयाने त्याला हुसकून लावले नाही. त्याचे म्हणणे ऐकले. न्यायाधीशांत मतभेदही झाला, आणि १९५३ मध्ये बहुमताने त्याचे म्हणणे अमान्य झाले. शिक्षा भोगून १९५७ मध्ये तो पाकिस्तानात गेला. माझ्या मते हैदराबादेत फर्मानाचे राज्य खऱ्या अर्थाने संपले ते येथे. ज्याचा आपल्याला संताप येतो, त्याचेही म्हणणे कायदा कान देऊन ऐकतो आणि त्याला उत्तर कारणासहित देतो, हीच घटनात्मक राज्याची खरी खूण.

युरोपलाही हा पेच चुकला नाही. नाझी राजवटीत कायद्याच्या नावाने जे अत्याचार झाले, त्यांना पुढे शिक्षा कशी करावी, यावर जर्मन विधिवेत्ता गुस्ताव राडब्रुख याने १९४६ मध्ये विचार मांडला की, असह्य अन्याय करणारा कायदा हा कायदाच नव्हे. बर्लिनच्या भिंतीवरून पळणाऱ्यांच्या मृत्यूबद्दल पूर्व जर्मनीच्या नेत्यांना झालेली शिक्षा २००१ मध्ये मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने योग्य ठरविली. ती करताना पूर्व जर्मनीच्या स्वतःच्या राज्यघटनेतील वचनांचाही आधार घेतला. परंतु या वाटेवर पाऊल जपून टाकावे लागते. कालचे सर्वच बेकायदा ठरविले तर न्याय आणि सूड यांतली रेषा पुसट होते.

आता मी ज्या गोष्टीकडे वळतो, ती बोलणे कठीण आहे. परंतु न बोलणे हे त्याहून वाईट. रझाकारांचे अत्याचार संपल्यानंतर, पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतरच्या दिवसांत, सूडाची लाट उसळली आणि तिच्यात असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे सदिच्छा मंडळ चौकशीसाठी पाठविले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे त्यांना आढळले. सबंध राज्यात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. स्पेननेही १९७७ मध्ये सर्वांना माफी देणारा कायदा करून जुन्या जखमांवर विस्मरणाची पट्टी बांधली. परंतु तीस वर्षांनी, २००७ मध्ये, त्याच स्पेनला ऐतिहासिक स्मृतीचा कायदा करावा लागला. पट्टीखाली जखम भरतेच असे नाही. आज १७ सप्टेंबर या एकाच दिवसाला महाराष्ट्रात एक नाव आहे, कर्नाटकात दुसरे, आणि तेलंगणात तर मुक्तिदिन, एकात्मता दिन, प्रजापालन दिन अशी वेळोवेळी वेगवेगळी नावे पडली आहेत. यावरून अजून आपण त्या दिवसाचा हिशेब पुरा केलेला नाही, असे म्हणावे लागते. रझाकारांनी मारलेला शेतकरी आणि नंतरच्या लाटेत मारला गेलेला त्याचा निरपराध शेजारी, या दोघांसाठीही ज्याच्या डोळ्यांत पाणी येते, त्यालाच राज्यघटनेतील ‘बंधुता’ हा शब्द कळला.

आणखी एक उणीव मान्य केली पाहिजे. भारताची राज्यघटना घडत असताना घटना समितीत हैदराबादच्या जनतेचा प्रतिनिधी नव्हता. ज्या घटनेने आपण बांधले गेलो, तिच्या लेखणीला आपला हात लागला नव्हता. मग ती आपली कशी? पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याविषयीही हाच प्रश्न विचारला जाई. तो परक्या फौजांच्या देखरेखीखाली तयार झाला, त्यावर लोकमत घेतले गेले नाही, बव्हेरियाच्या विधिमंडळाने तर त्याला संमतीही दिली नव्हती. तरीही आज जर्मन माणूस त्याला आपला म्हणतो, कारण त्याने तो दररोज वापरला. राज्यघटना जन्माने आपली होते तशी वापरानेही आपली होते. घर भाड्याचे असो की मालकीचे, चूल पेटल्याशिवाय ते घर होत नाही.

हैदराबादेत ती चूल १९५२ च्या आरंभी पेटली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले. जहागीरदाराला एक आणि त्याच्या शेतावरील गड्यालाही एकच. १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला बहुमत मिळाले आणि ६ मार्च १९५२ रोजी बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. याहूनही महत्त्वाची गोष्ट विरोधी बाकांवर घडली. तेलंगणातील सशस्त्र लढा १९५१ च्या ऑक्टोबरात मागे घेण्यात आला होता, आणि त्या लढ्यातील माणसे पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटच्या नावाने निवडणुकीस उभी राहिली. तिला विधानसभेत ४२ जागा मिळाल्या. त्यांचे नेते रावि नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर इतक्या मतांनी निवडून आले की, पंडित नेहरूंना मिळालेल्या मतांहून ती अधिक होती. कालपर्यंत ज्यांच्या हाती बंदूक होती, त्यांच्या हाती आता विधेयकाची प्रत आली. याला मी स्थित्यंतर म्हणतो.

चार वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हे राज्य भाषावार वाटले गेले. मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेला. हैदराबाद राज्य नकाशावरून गेले. जुन्या सवयी मात्र नकाशाबरोबर जात नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. साहेबाच्या दारात अर्ज घेऊन ताटकळत उभा राहणारा, हक्काचे काम ‘मेहेरबानी’ म्हणून मागणारा माणूस आजही आपल्याला कचेरीत दिसतो. त्याच्या मनात फर्मान अजून चालू आहे.

आणि घटना असली तरी ती निर्धोक असते असेही नाही. जर्मनीत १९१९ ची वायमार राज्यघटना उत्तम होती. तिच्यातील आणीबाणीच्या कलमाचा अतिवापर झाला आणि १९३३ मध्ये तिच्याच दोनतृतीयांश मतांच्या नियमाने हिटलरला सर्वाधिकार मिळाले. तो धडा घेऊन १९४९ च्या जर्मन घटनेने ठरविले की, मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाही यांची मूलतत्त्वे कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाहीत. डीट्रिख कॉनराड या जर्मन विधिवेत्त्याने १९६५ मध्ये काशीच्या विद्यापीठातील व्याख्यानात हाच विचार मांडला. तो आपल्या वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या वाचनात आला. आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरापैकी सात न्यायाधीशांनी राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचे तत्त्व सांगितले. युरोपच्या पश्चात्तापातून उगवलेले बीज असे आपल्या मातीत रुजले. तरीही दोनच वर्षांनी आपण आणीबाणी पाहिली. आणि तिकडे २०१७ मध्ये पोलंड व २०१८ मध्ये हंगेरी यांच्याविरुद्ध, कायद्याच्या राज्याला धोका पोहोचविल्याच्या आक्षेपावरून, युरोपीय संघाला आपल्या तहाच्या सातव्या कलमाखाली कारवाई आरंभावी लागली. परंपरा ही तिजोरीत ठेवलेली ठेव नव्हे. ती रोज सारवावी लागणारी जमीन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात घटनात्मक नीती ही लोकांना प्रयत्नाने शिकावी लागते असे बजावले, ते याच अर्थाने. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, त्यांनी निजामी राजवटीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, यातील संगती मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता त्या मुलीला मी काय उत्तर दिले ते सांगून हे भाषण पुरे करतो. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिला म्हटले, ‘बाळ, त्या सोळा महिन्यांत तुझ्या पणजोबांवर कायदा फर्मानाचाच होता, पण ते फर्मान स्वतःच्या शेवटाकडे चालले होते.’ तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, ‘मग फर्मान संपले ते नक्की कोणत्या तारखेला?’

फळ्यावर तारीख लिहिण्यासाठी मी खडू उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिला सांगितले, ‘कागदावर ते २६ जानेवारी १९५० ला संपले. पण वर्गप्रमुखाची निवड मी माझ्या मर्जीने केली आणि तुम्ही गप्प बसलात, तर या वर्गात ते अजून चालूच आहे असे समज.’

त्या आठवड्यात आमच्या वर्गात चिठ्ठ्या टाकून निवडणूक झाली. मी ज्याला नेमले असते, तो मुलगा सहा मतांनी हरला.